पाण्याची ओळख

गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या माणसाला जगात कुणी चांगलं म्हणत नाही. पाणी आलं तर ते आपल्या हक्काचं, नाही आलं तर ह्यानं अडवलेलं. मामांनी अख्खी नोकरी हे ऐकत काढली. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी घालून फिरवायची, की ह्या गल्लीचं पाणी बंद आणि पलीकडच्या गल्लीचं चालू. पगाराशिवाय मिळायच्या त्या एका गल्लीच्या शिव्या. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. गोड बोलून दोन बादल्या जास्त मिळाव्यात म्हणून नळावरच्या बायकांनी जोडलेलं ते नातं. माणूस कमी बोलणारा, हट्टी, आणि आतून थोडा घमेंडखोर. पाण्यातलं मला कळतं, तेवढं कुणाला कळत नाही, ही ती घमेंड. तिच्यामुळे बरंच चांगलं झालं आणि वाटोळंही तिच्यामुळेच झालं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

तळ्यांचं खूळ डोक्यात शिरलं ते नोकरीच्या शेवटी शेवटी. पाणी खात्याच्या गोदामामागे मोठा पाइप कितीतरी वर्षं गळत होता. खात्याच्या रिवाजाप्रमाणे तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. गळतीचं डबकं झालं, डबक्याचं तळं झालं, शेवाळ आलं, लव्हाळं आलं, चतुर भिरभिरायला लागले आणि एके वर्षी बेडूक ओरडले. मग कुणी नवा साहेब आला, गळती पाहून भडकला, आणि चावी फिरवायला अर्थातच मामांना पाठवलं. मामांनी फिरवली. हुकमाचे ताबेदार. काही दिवसांनी सहज तिकडे गेले तर तळ्याचा चिखल झालेला, चिखलाला भेगा पडलेल्या, आणि मधे ताटाएवढ्या पाण्यात बेडकांची पिल्लं इतकी दाटलेली की पाणी काळं दिसत होतं. कडेची मेलेली, मधली वळवळत होती. मामांनी जेवणाचा डबा झाडाखाली रिकामा केला आणि त्यात मावतील तेवढी पिल्लं घेऊन घरी आले. त्या डब्यावरून घरात जे रामायण झालं ते मामींच्या तोंडूनच ऐकावं. पण परसातला खड्डा खणायला फावडं मामींनीच शोधून दिलं, हेही त्या सांगतात.

निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, हे डबक्यांना लागले, असं गाव हसलं. मामांनी शाळेमागे एक तळं केलं, दवाखान्याच्या धुलाईघराशेजारी एक, लाकडाच्या वखारीत एक, दफनभूमीच्या कुंपणाशी एक. जिथे कुणी पडीक तुकडा वापरू देईल तिथे. प्लॅस्टिक अंथरायचे नाहीत. चिकणमाती आणायची, ओली करायची आणि अनवाणी पायांनी तुडवत राहायचं, तळ घट्ट होईपर्यंत. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा असलेला म्हातारा पाहून कुणी विचारलं, "काय मामा, काय चाललंय?" तर म्हणायचे, "पाणी सोडतोय."

ह्या तळ्यांमधे त्यांचा जीव होता तो पाठीवर पिवळा पट्टा असलेल्या एका लहान बेडकात. अंगठ्याएवढा प्राणी. फळीवर नखाने टकटक करावी तसं ओरडायचा. मामा त्यांना शिपाई म्हणत, पट्ट्यामुळे. एके काळी हे शिपाई सगळीकडे होते. ओढे बुजले, विहिरींवर झाकणं पडली, तसे ते संपत गेले आणि उरले फक्त गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. खाण खोल, पाणी थंड, आतून झरा, आणि भोवती तारेचं कुंपण. मामांनी तिथूनच चार जोड्या आणून आपली तळी वसवली होती. खाण म्हणजे बियाण्याची कणगी, असं ते म्हणायचे. तिच्यातून आणायचं, तिच्यात टाकायचं काही नाही. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि वर्षानुवर्षं पाळला होता.

दुसरा नियम होता ओळखीचा. कुठलाही जीव नव्या पाण्यात धाडकन सोडायचा नाही, तो धसक्याने मरतो. आधी पाण्याची पाण्याशी ओळख करून द्यायची. बादली काठावर ठेवायची, टमरेलाने तळ्याचं पाणी बादलीत घालायचं, बादलीतलं तळ्यात ओतायचं, थोडं थांबायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा ओतायचं. मग बादलीवर ओलं फडकं टाकून दिवसभर सावलीत ठेवायची आणि ऊन उतरल्यावर सोडायचं. सकाळी सकाळी मामा टमरेल घेऊन निघाले की लोकांना जे वाटायचं ते वाटायचं आणि लोक ते बोलूनही दाखवायचे. मामी म्हणायच्या, "अहो, निदान तांब्या तरी न्या, चारचौघांत अब्रू जाते." मामा म्हणायचे, "सोयरीक जुळवताना नाही का आपण दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठवत? तसंच हे." वर्षानुवर्षं ह्या पद्धतीने एकही बेडूक दगावला नव्हता. मामांना स्वतःच्या कशाचा अभिमान असेल तर ह्या ओळखीचा.

त्या थंडीत शाळेमागच्या तळ्याच्या काठावर दोन शिपाई मेलेले सापडले. तिसरा जिवंत होता, पण उघड्यावर, पाय फाकून बसलेला. मामांनी बोट लावलं तरी हलला नाही. बेडूक माणसाच्या बोटाला घाबरला नाही की समजावं, काहीतरी फार वाईट झालंय. दुसऱ्या दिवशी आणखी मेले.

शाळेच्या भिंतीला लागून एकाचं गाड्या धुण्याचं दुकान होतं. साबणाचा फेस रस्त्यावरून वाहायचा. मामांनी फार विचार केला नाही. भर रस्त्यात उभं राहून त्या माणसाला नाही नाही ते बोलले, विषारी म्हणाले, खुनी म्हणाले. तो बिचारा हातात पाण्याची नळी घेऊन ऐकत राहिला. "मामा, माझं पाणी गटारात जातं हो. तळ्याकडे उतारच नाहीये," एवढंच तो म्हणाला. उतार कुणीकडे आहे हे मामांना न कळण्यासारखं नव्हतं. आयुष्य गेलं त्यांचं त्यात. पण राग आला की डोळे असून माणूस आंधळा होतो. शाळेने आपली गाडी त्याच्याकडे पाठवायची बंद केली, चार गिऱ्हाइकांनी तोंड फिरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारे आपले मामा.

उरलेले बेडूक वाचवायला हवे होते. मामांनी ते बादलीत घेतले आणि धुलाईघराच्या तळ्यात नेले. नीट ओळख करून दिली, ऊन उतरल्यावर सोडले. थोड्याच दिवसांत तिथले मरायला लागले. मामांनी तिथले जगलेले उचलले आणि वखारीत नेले. मग तेही तळं गेलं. मग दफनभूमीचं. त्या दिवसांत मामा जेवत नव्हते म्हटलं तरी चालेल. बूट वाळायची उसंत नव्हती, दारात कायम ओल. परसातल्या तळ्यातला, डब्यातून आणलेल्यांच्या वंशातला शेवटचा बेडूक मामींच्या डोळ्यांदेखत पाण्यावर उलटा तरंगत आला. मामींनी तो पदरात घेतला. मामा म्हणाले, "ठेव. बाईंना दाखवू."

बाई म्हणजे सरकारी दवाखान्यातली गुरांची डॉक्टरीण. तरुण होती, स्कूटरवरून फिरायची, गाईम्हशींतून वेळ काढून मामांच्या तळ्यांवर यायची. तिने मेलेले बेडूक बाटलीत भरून मोठ्या शहरात तपासायला पाठवले होते आणि सांगून ठेवलं होतं, "मामा, उत्तर येईपर्यंत घाई करू नका."

घाई करू नका! सगळ्या तळ्यांतून मिळून ओंजळभर शिपाई उरले होते. मामांना वाटलं, आता एकच जागा राहिली जिथलं पाणी स्वच्छ आहे. जिथे साबण नाही, गटार नाही, माणूस नाही. सकाळीच ते बादली घेऊन खाणीवर गेले. कितीतरी वर्षांनी जात होते. राखणदाराने कुलूप काढून दिलं. खाली थंडगार पाणी, आणि काठाच्या कपारीत शिपाई टकटक करत होते, निरोगी, बोट पुढे केलं की टुणकन उडी मारणारे. ते ऐकून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला नियम मोडतोय हे त्यांना ठाऊक होतं. पण घराला आग लागल्यावर कणगी कुणीकडे आहे ते कोण बघतो? त्यांनी बादली कपारीच्या सावलीत ठेवली, फडकं टाकलं आणि दुपारी जेवायला घरी आले.

जेवण होतंय तोच दारात स्कूटर थांबली. डॉक्टरीण आत आली ती उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"मामा, उत्तर आलं. विष नाही, साबण नाही. रोग आहे. कातडीवर बुरशी येते. बेडूक कातडीनेच पाणी पितो, श्वास घेतो, ते सगळं बंद पडतं. पहिल्यांदा कुठून आली ते कुणाला सांगता येत नाही. पण पसरते ती पाण्यातून. ओल्या बुटातून, जाळीतून, बादलीतून." ती थांबली. "बेडकांतून."

मामींनी भाताचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे शाळेतून धुलाईघरात..." मामा म्हणाले.

"हो, मामा."

"तिथून वखारीत."

"तुम्हाला काय माहीत होतं? मलाही नव्हतं," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच दुखलेला होता. "पण आता एक सांगा. खाणीत तर काही नेलं नाहीत ना?"

"सकाळी नेलेत. उरलेले सगळे."

"सोडले?"

"नाही. बादली काठावर आहे. संध्याकाळी सोडणार होतो."

"सोडले नाहीत? नक्की? एकही पाण्यात गेला नाही? आणि तुमचे बूट?"

"बूट वर दरवाज्याशीच काढले. दगडावरून उतरलो अनवाणी. बेडूक एकही सोडला नाही."

"वाचलो!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारची खिडकी उघडली. "मामा, तुमच्या त्या संध्याकाळी सोडायच्या पद्धतीने वाचवलं बघा. नाहीतर सगळंच संपलं होतं." ती हसली, मामी हसल्या, मामीच म्हणाल्या, "अहो, ह्यांची सोयरीक अशी घाईने कधी व्हायचीच नाही." मामासुद्धा हसले. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. मामींनी चहाला आधण ठेवलं.

हात धुवायला मामा मोरीत गेले. हात पुढे केला आणि सवयीने टमरेल घ्यायला कोपऱ्यात वाकले. ते तिथे नव्हतं. ते खाणीवर होतं, बादलीशेजारी.

कुणी पाहिलं नव्हतं. राखणदार वर दरवाज्याशी विडी ओढत बसला होता. बाहेर त्या दोघी बोलत होत्या. मामा मोरीत उभे राहिले. खाणीचं पाणी बादलीत, बादलीचं खाणीत, थोडं थांबून पुन्हा. किती वेळा? दर वेळी जितक्या वेळा तितक्याच. खरं तर आज जास्तच, कारण हे शेवटचे होते, ह्यांना काही होऊ नये म्हणून. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं, आणि सांगितलं तरी ओतलेलं पाणी थोडंच परत येणार होतं. उलट सांगितलं नाही तर ही पोरगी आज हसत घरी जाईल. हे सगळं मामांच्या मनात येऊन गेलं. माणूस होते ते.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, मी ओळख करून दिलीये."

डॉक्टरिणीला क्षणभर कळलं नाही. मामींना कळलं. त्यांनी गॅस बंद केला.

खाण उपसता येत नव्हती, झरा होता. तिच्यात औषध टाकावं तर बाकीचा प्रत्येक जीव मरणार. "काही करता येणार नाही," डॉक्टरीण स्पष्टच म्हणाली. "कदाचित एवढ्या पाण्यात लागण झालीही नसेल. पुढच्या पावसाळ्यात ओरडतात का, तेवढंच बघायचं. आणि तिकडे आता कुणी जायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही." बादली ती स्वतः वर घेऊन आली. त्यातले शिपाई आता वाचणारे नव्हते, त्यांना औषधाच्या पाण्यात टाकून कायमचं झोपवायचं होतं. मामा म्हणाले, "मी आणलेत. मीच टाकतो." दवाखान्याच्या लोखंडी टेबलावर एकेक बेडूक त्यांनी हातात घेऊन पाण्यात सोडला. ह्या पाण्याशी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

मग तळी राहिली. सगळी उपसायची, वाळवायची, चुना मारायचा. ह्या कामाला मामांनी मजूर लावला नाही. स्वतःच्या पायांनी तुडवलेला तळ त्यांनी पहारीने फोडला. चुन्याने हाताची कातडी सोलवटली तरी हातमोजे घातले नाहीत. मामी ओरडल्या तर म्हणाले, "त्यांचीही सोललीच." येणारे जाणारे म्हणायचे, "बरं झालं मामा, डास तरी जातील." शाळेमागचं तळं फोडून झाल्यावर ते गाड्या धुणाऱ्याकडे गेले. चुकलं म्हणाले, हात जोडले. तो चांगला माणूस होता, स्टूल पुढे केलं. पण त्या दिवशी त्याच्याकडे एकही गाडी नव्हती.

पावसाळा आला. मामांचे कान खाणीकडे. पण जायचं नाही म्हणजे नाही. कुंपणापर्यंतही नाही, कारण आपला स्वतःवर भरवसा नाही असं त्यांनीच सांगितलं. मग मामी जायला लागल्या. दिवे लागायच्या आधी निघायचं, रस्त्यावरून, तारेपाशी उभं राहायचं, ऐकायचं, परत यायचं. मामा पायरीवर बसलेले असायचे. मामी लांबूनच म्हणायच्या, "ओरडतायत." त्या एका शब्दावर मामा जेवायचे. पुढे पुढे मामी जरा खुलवूनही सांगायला लागल्या. आज डाव्या कपारीतून ओरडत होते, आज तर कान किटले बाई, आज एक एवढा जवळ होता की वाटलं पायाशीच आहे. मामांच्या चेहऱ्यावर थोडा तजेला आला. पुढच्या वर्षी शाळेमागे पुन्हा माती तुडवू, असं ते एकदा बोलूनही गेले. वाळलेल्या जागेत रोग राहत नाही, बाईच म्हणाल्या होत्या, आणि बियाण्याला खाण आहेच.

एका सकाळी किराणा दुकानात खाणीचा राखणदार भेटला. साखर बांधून घेत होता.

"मामा, यंदा काय झालं हो तुमच्या शिपायांना?" तो म्हणाला. "सुरुवातीला चार दिवस ओरडले जोरात. मग एकदम गप्प. एवढी वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली, आता त्या आवाजाशिवाय डोळा लागत नाही."

"कधीपासून?"

"झाले की पुष्कळ दिवस. मामी येतात बिचाऱ्या रोज. मुसळधार पाऊस असला तरी येतात. तारेला धरून उभ्या राहतात. मी म्हणतो, मामी, काही नाहीये, जा घरी. तरी अंधार पडेपर्यंत उभ्या राहतात."

मामांनी सामान घेतलं, पैसे दिले, घरी आले. संध्याकाळी मामी छत्री घेऊन निघाल्या, तेव्हा ते काही म्हणाले नाहीत. पायरीवर बसून राहिले. जगातला शेवटचा पट्टेवाला बेडूक त्यांच्या टमरेलाने मारला होता आणि ते ओझं त्यांचं एकट्याचं होतं. पण पावसात, चिखलातून, त्यांना दोन घास जावेत म्हणून रोज एक खोटं आणायला ही बाई चालत जात होती. घरी बसूनही तिला ते बोलता आलं असतं. तरी ती खरंच जाऊन ऐकत होती, रोज, आज तरी खोटं बोलावं लागू नये म्हणून. मामा रडले. कुणी बघत नव्हतं.

मामी आल्या तेव्हा त्यांची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. फाटकातूनच म्हणाल्या, "ओरडतायत हो. आज तर नुसता कल्ला."

"हो का," मामा म्हणाले. त्यांनी उठून छत्री हातातून घेतली, मिटली, पाणी झटकलं आणि भिंतीला टेकवून ठेवली. "मग झालं तर. आता उद्यापासून जाऊ नकोस. गुडघे दुखतात तुझे."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या.